लाभाचा ठोका

दहा दिवसांमागे, शनिवारी, मी ठाण्याहून परत आले आणि सोमवारी शेडमध्ये गेले. गंगूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पत्रा कुठाय?" मी म्हटलं, "ठाण्याला राहिला." सगळ्यांनी चमचे उचलले आणि कामाला लागल्या. संध्याकाळी निघताना कमळ म्हणाली, "विकलास म्हण ना सरळ."

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही गुरुजींनी उभं केलं की माझी दातखीळ बसायची. तेच पाटीवर लिहायला सांगितलं की सगळं यायचं. म्हणून गेले आठ दिवस रात्री घरी बसून हे लिहिते आहे. सिंधू वाचून दाखवील. ती आपल्यात नवीन आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं लिहावं लागेल. आणि ही वही शेडबाहेर जाऊ देऊ नका.

सिंधू, तू यायच्या आधी इथे दंतमंजनाची एकेक डबी हातात घेऊन भरायचो. नसराळं लावायचं, चमच्याने भुकटी घालायची, डबी आपटायची, वर बोट फिरवून सपाट करायची, झाकण लावायचं. दिवसाचा ठरलेला आकडा पुरा व्हायला सहा वाजायचे आणि गंगूबाईंचे गुडघे तोवर लाकडासारखे व्हायचे. मला वाटलं, माझी आई पायलीने तांदूळ मोजताना एका हाताने ओतायची आणि दुसऱ्याने सपाट करायची, तसं बारा डब्यांना एकदम का करू नये. करीमभाई पत्रेवाल्यांकडून तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून घेतला. डबा शेडमधलाच होता. पत्र्याला बारा भोकं पाडली आणि लाकडी चौकटीत ठोकून घेतला. खाली खोक्यात बारा डब्या, वर पत्रा, त्यावर भुकटी.

पहिल्या दिवशी एकही डबी भरली नाही. भुकटी भोकांवर कमान धरून बसली. मग भोकं मोठी केली, तर भुकटी बाहेर सांडली. मग पुन्हा लहान केली. कमळने डब्यांखाली फडक्याची घडी घातली म्हणून त्या सरकायच्या थांबल्या. गंगूबाई म्हणाल्या, सपाट करायला पत्र्याची पट्टी नको, बांबूची घ्या, भुकटी चिकटणार नाही. आणि एके दिवशी वैतागून मी चौकटीच्या कोपऱ्यावर तळहाताचा ठोका मारला, तेव्हा कमान कोसळली आणि भुकटी सरसर उतरली. तेव्हापासून आपण तसंच करतो. पहिला ठोका कोपऱ्यावर, तोंडाने "लाभ". मग चौकट हलवायची, "दोन, तीन, चार". आपल्या आया धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तसं आपल्याही तोंडात बसलं.

म्हणजे तो पत्रा माझा एकटीचा कधीच नव्हता. आणि आकडा आपण तोच ठेवला. चार वाजता काम संपायचं, गंगूबाई पाय लांब करून बसायच्या, आपण घरी जायचो. मुकादम भाऊ बघूनही बघत नसत. मग एक दिवस ठाण्याहून दामले साहेब आले.

सोमवार. पेण ते डोंबिवली

दामले साहेब कारखान्याचं काम सुधारण्यासाठी मालकांनी नेमलेले. त्यांच्या हातात थांबवता येणारं घड्याळ असतं. आपल्या शेडमध्ये उभे राहून त्यांनी तीन वेळा बघितलं, कागदावर टिपलं आणि मला म्हणाले, "यमुनाबाई, शिकलेल्या लोकांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. ठाण्याला या, तिथल्या बावीसजणींना दाखवा." मला त्या रात्री झोप आली नाही, हे कबूल करते. आजवर मला कोणी कुठे बोलावलं नव्हतं.

माझ्या भावाने मला एस.टी.त बसवून दिलं. पत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. पनवेलला शेजारी एक बाई येऊन बसल्या. गुंडाळी सुटली होती, ती त्यांनी पाहिली.

"आप्प्यांचा पत्रा का हो?"

खरं सांगायचं तर बरंच बोलावं लागलं असतं, म्हणून मी "हो" म्हटलं.

त्यांनी भोकात बोट घातलं. ते आरपार गेलं. "अहो, ह्याला बूड नाही. पीठ सगळं चुलीत जाईल. फसवलं तुम्हाला."

"असेल."

"असेल काय? परत करा त्याला. कोणाकडून घेतलात? मी बरोबर येते हवं तर."

कळव्यापर्यंत त्या बिचाऱ्या माझ्या आप्प्यांची काळजी करत होत्या. तेवढ्यात त्यांच्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं, पत्र्याला राहिलेली भुकटी भिजली आणि माझ्या लुगड्यावर हाताएवढा गुलाबी डाग पडला. ठाण्याला दामले साहेब उतरवून घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "हे काय लागलं?" मी म्हटलं, "आपलंच मंजन." चार दिवस मला कापराचा वास येत होता.

खाडीच्या पुलावरून मिठागरं दिसली. वाफे, बांध, पांढऱ्या राशी, सगळं आपल्या पेणसारखं. फक्त राशींच्या मागे आपल्याकडे डोंगर असतो, तिथे धुराडी होती.

माझी राहायची सोय साहेबांच्या घरी डोंबिवलीला केली होती. डोंबिवली मला शहर वाटलं नाही. स्टेशनाजवळ थोडी घरं, दुकानं, एक शाळा, आणि मग कोपरच्या बाजूला नुसती शेतं. भात कापून झालेलं होतं आणि वाल वर आले होते. साहेबांचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, विहीर खाली. लोक सगळे नोकरदार, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मी आणखीच गप्प झाले.

साहेबांच्या पत्नी विमलताई. त्यांनी डाळिंब्यांची उसळ केली होती. गूळ इतका, की मला आधी गोड पदार्थच वाटला. आपण नखभर घालतो. दोनदा वाढून घेतली तरीही.

स्वयंपाकघरात फळ्यांवर आकडे लिहिलेले होते. चहाचा डबा एक, साखर दोन, असे. साहेबांनी विमलताईंची पावलं मोजून सगळे डबे हाताशी आणून ठेवले होते.

"दिवसाची दोनशे पावलं वाचवली ह्यांनी माझी," विमलताई म्हणाल्या. साहेब आतल्या खोलीत होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या.

"बरं झालं की," मी म्हटलं.

"झालं ना. आता कणीक भिजवताना मला ह्यांच्या भावाच्या मुलांचे अभ्यास घ्यायला सांगतात. वेळ वाचतो ना माझा. वाचलेली पावलं कुठे जातात, ते मात्र मला अजून सापडलं नाही."

आतून साहेब म्हणाले, "ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मी हसले. तेव्हा नुसतीच हसले.

मंगळवार आणि बुधवार. कारखाना

ठाण्याचा कारखाना आपल्या शेडच्या दसपट. बावीस बायका दोन रांगांत बसतात. मी आत गेले तशी कुजबूज झाली, "पाहुणा आला." मला वाटलं मलाच म्हणतात.

साहेबांनी मला बरोबर घेऊन सगळं दाखवलं. ते फार छान समजावून सांगतात. "ज्याने डबी भरत नाही ते सगळं वायफळ," म्हणाले. "वाकणं वायफळ, शोधणं वायफळ, थांबणं वायफळ. माणूस आळशी नसतो, यमुनाबाई. मांडणी आळशी असते." हे मला पटलं. अजूनही पटतं. तिथे रिकाम्या डब्या जमिनीवरच्या पाट्यांत ठेवलेल्या होत्या आणि बायका दर डबीला वाकत होत्या. मी हळूच म्हटलं, "पाट्या बाकावर ठेवल्या तर?" साहेबांनी तिथल्या तिथे ठेवायला लावल्या. झाकणं डावीकडे होती, ती उजवीकडे आणली. संध्याकाळपर्यंत अशा पाच-सहा गोष्टी झाल्या. मला खरोखर आनंद झाला. घरी एखादं दार बरेच दिवस कुरकुरत असतं आणि एक दिवस आपण तेल घालतो, तसं वाटत होतं.

दुपारच्या सुट्टीत मी एकटी बसले होते. माजिवड्याच्या धर्मीबाई समोर येऊन बसल्या. वय गंगूबाईंएवढं, नाकात मोठी नथ, घरचे मिठागरावर काम करणारे.

"कुठची गो तू?"

"पेणची."

"डब्यात काय?"

"डाळिंब्या. साहेबांकडच्या."

"गोड असतील. ठेव बाजूला. हे घे." त्यांनी भाकरी आणि सुकट पुढे केली. चार घासांनंतर मला पेणला बसल्यासारखं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आता सांग. किती बाया घरी धाडायला आयलीस?"

मी काही समजले नाही. "मी पत्रा दाखवायला आले."

"गेल्या साली एक पोर अशीच दाखवाया बसली. लेबलं पंख्यासारखी पसरायची, सगळ्यांना एकदम खळ लावायची, भराभर उचलायची. हुशार पोर. सायबाने घड्याळ लावलं. तिचा आकडा तो सगळ्यांचा आकडा झाला. आणि सोमवारी तिघींना सांगितलं, येऊ नका. त्यात माझी नणंद."

"आणि ती मुलगी?"

"ती पण. तीन नंबरला तीच."

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाकाखालून दोन चमचे काढले. दोन्ही हातांनी दोन डब्या एकदम भरून दाखवल्या. एवढ्या वेगाने, की मला मोजता आलं नाही. "आम्हाला येत नाय असं समजू नको. ही माझी रीत. तिकडे बसलीय तिची वेगळी. प्रत्येकीची एक आहे. घड्याळ दिसलं की 'पाहुणा आला' म्हणायचं आणि हात जड करायचे."

मला तेव्हा कळलं की साहेब सकाळपासून जे वायफळ शोधत होते, ते त्या बायकांनी मुद्दाम पांघरलेलं होतं.

"आमचे साहेब तसे नाहीत," मी म्हटलं.

"साहेब चांगलाच आहे गो. सही त्याची नसते."

बुधवारी संध्याकाळी विमलताई पाणी आणायला खाली गेल्या होत्या आणि मी निवडलेल्या तांदळाचं ताट टेबलावर ठेवायला गेले. तिथे साहेबांचा कागद होता. मालकांसाठी केलेला, मराठीत, रेघा मारून. मला अक्षरओळख आहे हे साहेबांच्या लक्षात राहिलं नसावं. मी वाचला.

वर आपल्या पत्र्याची सगळी कृती ओळीने लिहिली होती. खोक्यात डब्या ठेवणे. पत्रा ठेवणे. भुकटी ओतणे. त्याच्यापुढची ओळ अशी होती: "चौकटीस हात लावून देवाचे नाव (लाभ) घेणे." ती तांबड्या पेन्सिलीने खोडून बाजूला लिहिलं होतं, "वायफळ. गाळावे." मग चौकट तीन वेळा हलवणे, पट्टी फिरवणे, वगैरे.

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला. बाईमाणसाने ठोका मारून काही उच्चारलं, म्हणजे ते देवाचंच नाव असणार, असं त्यांना वाटलं. पेणच्या कोणालाही अर्थ विचारला असता तर तिने सांगितला असता. साहेब आले की सांगायचं असं मी ठरवलं.

मग कागदाचा खालचा भाग वाचला. "ठाणे: बायका बावीस. नंतर दहा. पेण: बायका सात. नंतर तीन."

मी सातजणींची नावं मनात घेतली आणि त्यातून चार काढून बघितल्या. वेगवेगळ्या चार काढून बघितल्या. दर वेळी गंगूबाई त्यात होत्याच.

गुरुवार. सकाळचा चहा

रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. सकाळी साहेब चहाला बसले, विमलताई स्टोव्हपाशी होत्या. मी कपाकडे बघत म्हटलं, "साहेब, वाचलेला वेळ कोणाचा असतो?"

ते दचकले. असा सरळ प्रश्न मी त्यांना पहिल्यांदाच विचारला होता. "कारखान्याचा. म्हणजे सगळ्यांचाच."

"पेणला आम्ही चारला घरी जातो. तो वेळ आमचा होतो. तुमच्या कागदात सातच्या तीन झाल्या आहेत."

साहेबांचा चेहरा पडला. कागद वाचल्याचा राग त्यांना आला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. "यमुनाबाई, मी हालचाली मोजतो. माणसं किती ठेवायची ते मालक ठरवतात."

"आकडा तर तुमच्या अक्षरात आहे," विमलताई म्हणाल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

साहेब चहा अर्धा टाकून उठले. मी त्यांना लाभाचं सांगणार होते, ते सांगितलं नाही. त्यांच्या घरचं अन्न खाल्लं होतं, म्हणून जड गेलं. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं, परस्पर गाळलं होतं. जे गाळलं ते माझ्यापाशी उरलं, असं मी धरलं.

शुक्रवार. मालकांसमोर

मालक अकरा वाजता आले. बावीसजणी उभ्या. मधोमध टेबलावर खोकं, डब्या, भुकटी, आणि माझा पत्रा. साहेबांच्या हातात घड्याळ.

"हं, सुरू करा बाई," मालक म्हणाले.

मी पत्रा बाजूला ठेवला. नसराळं घेतलं, चमचा घेतला आणि जुन्या पद्धतीने एक डबी भरली. मग दुसरी. एक कण सांडला नाही.

"हे काय? पत्र्याचं दाखव."

मला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. मागे धर्मीबाई खाकरल्या. तेव्हा मी साहेबांच्या खिशातली तांबडी पेन्सिल मागितली, बोट दाखवून. त्यांनी दिली. समोरचं एक लेबल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: "या पत्र्यामुळे ठाण्याची किंवा पेणची एकही बाई कमी करणार नाही." खाली सहीसाठी रेघ मारली आणि मालकांपुढे ठेवलं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. त्यामुळे बावीसजणींनी ऐकलं. माझ्याच्याने झालं नसतं ते काम त्यांनी केलं.

"किती शिकलीस?"

मी चार बोटं दाखवली.

"अक्षर चांगलं आहे," ते हसून म्हणाले. "पण सही मी करतो ती बँकेत आणि सरकारात. मंजनाच्या लेबलावर नाही. चल, दाखव."

मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. घड्याळ चालूच होतं. दामले साहेब त्याच्याकडे बघत म्हणाले, "मालक, थांबण्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"काही लिहू नका," मालक म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पत्रा कंपनीच्या डब्याचा आहे. तो ठेवून जा. कृती दामल्यांनी सगळी टिपलेली आहे. पेणच्या शेडचं काय ते महिनाअखेर बघतो."

मी उठले, पत्रा पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. दिला.

बाहेर मोरीपाशी धर्मीबाईंनी मला गाठलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "दिलास का गो? एवढी बसलीस, आणि दिलास?"

मी त्यांच्या कानाशी गेले. "पत्रा दिला. लाभ नाही दिला."

त्या थांबल्या. कोपऱ्यावरचा ठोका मी त्यांना मोरीच्या कठड्यावर मारून दाखवला आणि कागदातली खोडलेली ओळ सांगितली. त्यांचं सगळं आयुष्य मिठाच्या पाट्या मोजण्यात गेलेलं. मिठागरावरही पहिली पाटी लाभ असते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"दोनपासून हलवणार मेले," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून इतक्या हसल्या की नथ हलायला लागली.

शनिवारी निघताना विमलताईंनी वालाची पुरचुंडी दिली आणि म्हणाल्या, "माझी पावलं कुठे सापडली तर कळवा हं." चहाचा डबा त्यांनी पुन्हा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता. बूड नसलेल्या आप्पेपात्राशिवाय मी परत आले.

पेण. काल

काल मुकादम भाऊंनी माझ्या हातात एक कार्ड दिलं. दामले साहेबांचं आहे. लिहितात की पत्रा ठाण्याला चालत नाही, भुकटी भोकांवर अडते, डब्या अर्ध्या राहतात. बायका सांगितल्याप्रमाणे सगळं बरोबर करतात, कागदातली एकही गोष्ट चुकवत नाहीत. खाडीच्या हवेने भुकटी दमट होत असेल का? दुसरे दोन पत्रे कापून पाहिले, तेही तसेच. मालकांनी विचारलं आहे की तुम्हाला पुन्हा केव्हा येता येईल.

मी उत्तर लिहून ठेवलं आहे, टाकलेलं नाही. ते असं:

"साहेबांस नमस्कार. भुकटी दमट नाही. तुमच्या कागदात एक राहून गेलं आहे. ते मला ठाऊक आहे आणि पेणच्या बाकी सहाजणींना ठाऊक आहे. इतर कोणाला ठाऊक आहे ते मी सांगणार नाही. मी लेबलावर लिहिलं होतं, त्यावर मालकांची सही होऊन येऊ दे. त्याखाली आणखी एक ओळ घालावी, की आकडा पुरा झाला की बाईने घरी जावं. मग मी येईन, आणि तुम्ही जे वायफळ म्हणून खोडलंत ते तुमच्यासमोर करून दाखवीन. विमलताईंना सांगावं, त्यांची पावलं बहुतेक त्याच ओळीत सापडतील."

महिनाअखेरीला दहा दिवस आहेत. मालक सही न करता आपल्याला काढूही शकतात, हे मी जाणते. म्हणून एकटीने कार्ड टाकत नाही. ज्यांना पटेल त्यांनी खाली नाव घालावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा उठवावा, मंजनाच्या गुलाबी भुकटीत बुडवून. एकीलाही पटलं नाही तर मी कार्ड फाडीन आणि कोणाला बोल लावणार नाही.

करीमभाईंकडे नवा पत्रा कापायला टाकला आहे. या वेळी डबा माझ्या घरचा, गोडेतेलाचा. उद्या घेऊन येते. कमळ, फडक्याची घडी तू आण. ठोका गंगूबाईंनी मारायचा आणि लाभही त्यांनीच म्हणायचं, मोठ्याने, भाऊंना ऐकू जाईल असं. दोनपासून पुढे मी मोजते.